मनकर्णाबाईंचं ओलेतं

वर्ध्याच्या रामनगरात कौलारू घरांची एक लांब रांग होती. तिच्या टोकाच्या घरात मनकर्णाबाई, त्यांचा मुलगा बंडोपंत आणि सून सुनीती अशी तीन माणसं राहायची. मनकर्णाबाई अंगाने किरकोळ, पण आवाज असा की सकाळी त्यांची आंघोळ झाल्याचं अख्ख्या रांगेला कळायचं. आंघोळीनंतर तासभर त्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "शिवू नको." ते मांजरीला असायचं, दारात टोपली उतरवणाऱ्या भाजीवालीला असायचं, कचेरीच्या घाईत आडव्या येणाऱ्या पोटच्या पोराला असायचं. आणि सगळ्यांत जास्त सुनेला. लग्न होऊन आली त्या दिवसापासून सुनीतीने हे इतक्यांदा ऐकलं होतं की सासूबाईंची ओली पावलं फरशीवर वाजली की तिचे हात आपोआप पाठीमागे जायचे.

बायका सोवळ्याला रेशमी नेसतात, लोकरीची धाबळी नेसतात. मनकर्णाबाईंचं तसं नव्हतं. त्यांचं सोवळं ओलेत्याचं. डोक्यावरून पाणी घेतलं की तेच निथळतं लुगडं अंगावर ठेवून त्या स्वयंपाकघरात शिरायच्या, तांब्याभर पाणी ओतून फरशी धुवायच्या आणि त्या ओलीतच उकिडव्या बसून गणपतीच्या नैवेद्याचा वरणभात रांधायच्या. पौषात त्यांचे दात वाजायचे, गुडघे धरायचे. बंडोपंत कुरकुरले तर म्हणायच्या, "तू आपली कचेरी पाह्य. माह्या गुडघ्याची फिकीर नको करू."

शेजारणी त्यांना हट्टी म्हणायच्या. हट्टी त्या होत्याच, ते नाकारून काय करता. पण ओलेत्याची गोष्ट वेगळी होती आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. बंडू सहा वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला होता. तेव्हा त्या आर्वीकडच्या एका खेड्यात राहायच्या. यजमान शाळेत मास्तर, डॉक्टर कोसांवर, आणि पोरगं डोळे उघडेना. तेव्हा या बाईने केळझरच्या गणपतीला मनातल्या मनात सांगितलं, एवढं माझं लेकरू वाचव, माझ्या जिवात जीव आहे तोवर तुझा नैवेद्य ओलेत्याने रांधीन. बंडू वाचला. पुढे मास्तर गेले, खेडं सुटलं, बंडू वर्ध्याच्या कचेरीत कारकून झाला, त्याचा बंडोपंत झाला, त्याच्या डोक्यावरचे केसही विरळ झाले. ओलेतं मात्र चालूच राहिलं. लुगडं रोज ओलं, म्हणजे पोरगा रोज खुशाल, इतकं साधं त्यांच्या मनात बसलेलं होतं.

सुनीती नागपूरची. स्वभावाने लाघवी, हाताला चव, पण छातीने दगा दिलेला. तिला दमा होता. चूल पेटली की धूर दोन्ही खोल्यांत फिरायचा आणि सुनीती दाराची चौकट धरून श्वास ओढत उभी राहायची. मनकर्णाबाई मग तिच्यावर ओरडायच्या, "अंगणात जा म्हणते ना, काऊन उभी राह्यली इथं?" त्या ओरडण्यात राग नसायचा. पोरीच्या गळ्याखालचा खड्डा आत ओढला जाताना त्यांना बघवायचं नाही, एवढंच. उशाशी बसून एका लेकराचा श्वास मोजायचं दुःख त्यांनी एकदा भोगलं होतं. ते पुन्हा कपाळी येतं की काय, ही धास्ती त्यांना आतून पोखरायची.

डॉक्टरांनी सांगितलं, धूर टाळा. सांगायला सोपं होतं. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्यानंतरचं ते वर्ष. नागपूरची राजधानी गेली म्हणून कचेरीत सगळे हळहळत होते. अशात बंडोपंत कामासाठी नागपूरला गेले आणि येताना सीताबर्डीवरून विजेची शेगडी घेऊन आले. पत्र्याचं गोल अंग, वर पांढऱ्या मातीची थाळी, थाळीच्या खाचेत गुंडाळलेली कुरळी तार. वायरच्या टोकाला प्लग होता आणि त्याला तीन पिना होत्या, दोन सारख्या आणि वरची एक जाड. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मात्र दोनच भोकांचा सॉकेट. तो वायरमन रूपरावांनी टेबलपंख्यासाठी म्हणून बसवून दिला होता, जसा ते सगळ्याच घरांत बसवायचे.

तीन पिना दोन भोकांत जाणार कशा? बंडोपंतांनी डोकं चालवलं. वीज एका तारेने येते, दुसरीने जाते, मग तिसरी कशाला? त्यांनी कंपनीचा प्लग कापून टाकला, बाजारातून दोन पिनांचा आणून लावला, आणि उरलेली तिसरी तार मुडपून चिकटपट्टीखाली दडपून दिली. त्या काळी घरोघरी असंच चालायचं. कुठे कुठे तर बल्ब काढून त्याच होल्डरमधून इस्त्री चालायची. बंडोपंतांना एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता आई काय म्हणते, या काळजीत बंडोपंतांनी शेगडी लावून दाखवली. तार आधी काळपट राहिली, मग हळूहळू लालबुंद झाली. मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"हा अग्नी आहे का?" त्यांनी विचारलं.

"अग्नीच आहे, आई."

"अन् धूर?"

"नाही."

"मग देवाले चालते," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि त्याच दिवशी परसातल्या सगळ्या गोवऱ्या त्यांनी भांडीवालीला देऊन टाकल्या. एवढी सोवळ्याची बाई विजेला इतक्या लवकर कशी राजी झाली, याचं बंडोपंतांना नवल वाटलं. त्यांना नवलच वाटायचं. आई सुनेवर ओरडते एवढंच त्यांना दिसायचं.

हिवाळ्याचे पहिले महिने चांगले गेले. सुनीतीच्या गालावर थोडं मांस आलं. भाजी निवडताना ती काहीबाही गुणगुणायला लागली. मनकर्णाबाई बाहेरच्या खोलीत वाती वळत बसायच्या आणि ते गुणगुणणं ऐकायच्या. मध्येच थांबलं की त्यांचाही हात थांबायचा.

मग एकदा शेगडीवर दूध उतू गेलं. थाळी तडतडली, तार एका जागी खाचेतून उचलली गेली. बंडोपंतांनी शेगडी गार करून, पुसून, तार काडीने जागच्या जागी दाबून दिली. ती पुन्हा थोडी वर आली, पण शेगडी तापत होती, भात शिजत होता, तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईंनी लोखंडी सांडशीने पितळी पातेलं धरलं आणि त्यांच्या हाताला मुंग्या आल्या. कोपरापर्यंत बारीक झणझण. त्यांनी हात झटकला. वाटलं, वात असेल. पण रोजच यायला लागलं, आणि फक्त त्या शेगडीशी. त्यांनी सुनेला चौकशीच्या सुरात विचारलं, "शेगडी ठीक चालून राह्यली ना?" सुनीती म्हणाली, "छानच, आई." तिला खरंच काही होत नव्हतं. ती कोरड्या लुगड्यात, छातीला बरं पडतं म्हणून लाकडी पाटावर बसून रांधायची.

मनकर्णाबाईंच्या मनाला हे फार लागलं. जी पोरगी सोवळं म्हणजे काय ते धड जाणत नाही, आंघोळीआधी चहा घेते, तिला हा अग्नी काही करत नाही. आणि आपण इतकी वर्षं एक दिवस न चुकवता ओलेत्याने रांधतो, तर आपल्यालाच दूर ढकलतो. म्हणजे आपलंच कुठेतरी चुकलं. कुठेतरी शिवाशिव झाली, सोवळं मोडलं, आणि तो आपला नैवेद्य घेत नाहीये. आणि नैवेद्य घेत नसेल तर नवस? बंडोपंत कचेरीतून यायला जरा उशीर झाला तरी त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या.

यावर त्यांनी जो उपाय काढला तो त्यांच्यासारख्या बाईलाच सुचावा. सोवळं उणं पडतंय ना, मग ते वाढवायचं. त्यांनी दोनदा आंघोळ सुरू केली. पूर्वी लुगडं थोडं निथळू द्यायच्या, आता तेही नाही. फरशीवर तांब्याऐवजी कळशी ओतायला लागल्या. जितकं पाणी वाढलं तितकी झणझण वाढली, आणि जितकी झणझण वाढली तितकं त्यांनी पाणी वाढवलं. बाई मरणाच्या दिशेने रोज एक पाऊल टाकत होती, आणि ते पाऊल तिला देवाकडे जातंय असं वाटत होतं.

त्यांनी हे सांगितलं का नाही, असं पुढे सगळ्यांनी विचारलं. सांगितलं असतं तर बंडूने शेगडी उचलून बाहेर टाकली असती. घरात पुन्हा चूल आली असती, आणि ती गुणगुणणारी पोरगी पुन्हा चौकटीला. म्हणून त्यांनी ओठ मिटून घेतले होते.

माघातली गणेशजयंती आली. बंडोपंत दुर्वा-फुलं आणायला बाहेर पडले होते. घरात दोघी बायका. मनकर्णाबाईंना खीर करायची होती. त्या दिवशी त्यांनी फरशी अशी धुतली की पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. डोक्यापासून पायापर्यंत निथळत त्या शेगडीपुढे बसल्या. खिरीचं पातेलं एका बाजूला कलत होतं. ते सारखं करायला त्यांनी सांडशीने घट्ट धरलं.

सुनीती दारात होती. तिला आधी वाटलं सासूबाई जप करताहेत, कारण ओठ हलत होते. मग दिसलं की ओठ हलत नाहीत, थरथरताहेत. सांडशीवरची बोटं पांढरी पडली होती आणि सुटत नव्हती. डोळे सुनीतीकडे लागले होते, पण आवाज फुटत नव्हता.

दुसरी कुणीही असती तर धावत जाऊन त्यांना मिठी घातली असती आणि तिथेच दोघींचा शेवट झाला असता. सुनीती एक पाऊल पुढे आली आणि तिचे हात सवयीने पाठीमागे गेले. सासूबाई ओलेत्यात आहेत, शिवायचं नाही. हे तिच्या डोक्यात नव्हतं, हातात होतं. शिवायचं नाही तर करायचं काय, म्हणून तिची नजर वायरीवरून भिंतीकडे गेली. तिने कोरड्या उंबऱ्यावरूनच वाकून वायर धरली आणि सगळा जीव लावून ओढली. दोन पिनांचा सैल प्लग खाडकन निघून आला.

सांडशी सुटली. पातेलं लवंडलं, खीर फरशीभर झाली. मनकर्णाबाई एका कुशीवर कलल्या, आणि आता मात्र सुनीतीने धावत जाऊन त्यांना पोटाशी धरलं. दोघी त्या पाण्यात आणि दुधात बसून राहिल्या. सुनीतीचं कोरडं लुगडं भिजून गेलं.

"आई, मी शिवले तुम्हाला," थोड्या वेळाने तिला भान आलं.

"राहू दे," मनकर्णाबाई म्हणाल्या. हात त्यांनी सुनेच्या पाठीवर ठेवला होता. मग त्यांनी अडखळत सगळं सांगितलं. मुंग्या कधीपासून येतात, दोनदा आंघोळ का.

"इतके दिवस सांगितलं काऊन नाही?" सुनीती रडत म्हणाली.

"सांगितलं असतं तर शेगडी गेली असती, अन् तू पुन्हा चौकटीले लटकली असती. तुह्या छातीचा तो आवाज मले आइकवत नाई, पोरी."

बंडोपंत दुर्वा घेऊन आले. फरशीवर खीर, आईचा चेहरा पांढराफटक, बायको ओलीचिंब. काय झालं ते कळल्यावर त्यांनी दुर्वा तिथेच टाकल्या आणि शेगडी उचलली, ती थेट परसात भिरकावण्यासाठी.

"ठेव ते खाली," मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज पुन्हा जागेवर आला होता. "अन् रूपरावले बोलाव."

रूपराव सेलूकडचे. घरची शेती भाऊ करायचा, हे वर्ध्यात वायरमनचं काम करायचे. त्यांनी शेगडी उलटी करून पाहिली, वर आलेली तार पाहिली, पट्टी सोडून दडपलेली तिसरी तार बाहेर काढली. मग तिचं मुडपलेलं टोक बोटांनी सरळ केलं.

"चूक माझी आहे," बंडोपंत म्हणाले. "मीच कापला तो प्लग."

"तुमची एकट्याची नाई, साहेब. दोन भोकाचा सॉकेट म्या लावला. रांधायच्या खोलीत पंख्याचा सॉकेट लावला, अन् उद्या तुमी त्याच्यात काय खुपसान हे म्या इचारलंच नाई. सगळीकडं तसाच लावतो म्हणून इथंबी लावला."

मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना यातलं काही नको होतं. त्यांना एकच विचारायचं होतं. "रूपराव, ही शेगडी सुनीतीले काऊन काही करत नाई? मलेच काऊन?"

"माय, करंटले जमिनीत जाचं असते. जिथून ओलं भेटलं तिथून तो जाते. ही तार वर आली अन् तुमच्या पातेल्याले लागली. पातेल्यातून सांडशी, सांडशीतून तुमी. तुमी ओल्या, खाली फरशी ओली, त्याले सडकच भेटली. वहिनी कोरड्या, पाटावर बसतेत. त्याईच्यातून त्याले रस्ता नाई."

"मतलब माह्यं सोवळं मोडलं नोतं?"

रूपराव गोंधळले. "नाई माय," ते म्हणाले, "सोवळं जरा जास्तच झालं."

मनकर्णाबाईंनी डोळे मिटून घेतले. मरता मरता वाचल्या होत्या, पण चेहऱ्यावरचं समाधान त्याचं नव्हतं. सोवळं मोडलं नव्हतं, बंडूला धोका नव्हता, त्याचं होतं.

रूपरावांनी शेगडीची तार नवी घातली, भिंतीवर तीन भोकांचा मोठा सॉकेट आणि त्याला बटन लावलं, तीन पिनांचा प्लग बसवला. "ही वरची जाड पिन आहे ना, तिची तार शेगडीच्या पत्र्याले जाते," ते दाखवत म्हणाले. "पत्र्यात करंट आला तर तो तुमच्यातून नाई जाणार, या तारेतून जमिनीत जाईन, अन् फ्यूज उडन." त्यासाठी परसात खड्डा खणला. घरमालकांनी न्हाणीजवळ खणू दिलं नाही, म्हणून लांब, शेवग्याच्या झाडाजवळ खणला. त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडे मीठ थरांनी भरलं, तिसरी तार पाइपला आवळली. आणि जाताना दोन गोष्टी बजावल्या. पहिली, हा खड्डा कोरडा पडू द्यायचा नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, मग पाइप मातीपासून सुटतो आणि तिसरी पिन नुसती शोभेची राहते. रोज पाणी हवं. दुसरी गोष्ट त्यांनी मनकर्णाबाईंकडे बघून सांगितली.

"कितीबी पक्कं काम केलं तरी ओल्या लुगड्यानं शेगडीजवळ बसाचं नाई. अंग कोरडं, हात कोरडे, खाली पाट. अन् बटन बंद केल्याबिगर भांड्याले हात नाई."

मनकर्णाबाईंनी मान हलवली. तेवढ्यावर सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

तो खरा तिथे सुरू झाला. ओलेत्याने रांधायचं नाही, तर नवसाचं काय? त्यांनी एक तोड काढून पाहिली. परसात तीन विटा मांडून नैवेद्यापुरती चूल पेटवली आणि ओलेत्याने तिथे बसल्या. वारं घराकडचं होतं. आतल्या खोलीत सुनीती पदराचा बोळा तोंडात धरून खोकला दाबत होती, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांना ऐकू गेलंच. त्यांनी अर्धा कच्चा भात तसाच उतरवला, चुलीवर पाणी ओतलं आणि विटा रचून ठेवल्या. एका बाजूला बंडूचा जीव, दुसऱ्या बाजूला सुनीतीचा श्वास, आणि मध्ये त्यांचं लुगडं. कोणाला विचारणार?

ज्याला शब्द दिला त्यालाच विचारायचं म्हणून त्या सुनीतीला घेऊन बसने केळझरला गेल्या. टेकडी चढताना सुनीतीला धाप लागली, मनकर्णाबाईंचे गुडघे बोलायला लागले. दोघी एका दगडावर बसल्या. तिथे मनकर्णाबाईंनी सुनेला विषमज्वराची, नवसाची सगळी गोष्ट सांगितली. मास्तरांनाही जी सांगितली नव्हती ती.

सुनीती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणून मला इतकी वर्षं शिवू दिलं नाही?"

"तुले नाई ग. कोणालेच नाई. पोरगं हाताचं जाईन असं वाटे."

गाभाऱ्यात मनकर्णाबाई बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. गणपती काही बोलला नाही. देव बोलत नाहीत, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही बरी नव्हे. पण इतक्या वर्षांनी ती गोष्ट एका माणसाच्या कानावर घालून झाल्यामुळे असेल, उतरताना त्यांना हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून सासूची जुनी धाबळी काढली. लोकरीची, डांबरगोळ्यांच्या वासाची, अंगाला टोचणारी. आंघोळ केली, आणि स्वयंपाकघराकडे न वळता निथळत्या लुगड्यानिशी परस ओलांडून शेवग्याजवळ गेल्या. चैत्र लागला होता. भोवतालच्या काळ्या मातीला बोट जाईल अशा भेगा पडल्या होत्या. मनकर्णाबाई खड्ड्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी अंगावरच्या लुगड्याचा पदर, निऱ्या, ओचा, एकेक करून तिथे पिळला. पाणी कोळशात जिरत गेलं.

"तुह्या नैवेद्याचा अग्नी या ओलीवर चालते म्हणतेत," त्या हळू म्हणाल्या. "मग माह्यं ओलेतं इथं ठेवलं समज. शब्द मोडला नाई मी."

मग कोरड्या होऊन, धाबळी नेसून, पाटावर बसून त्यांनी वरणभात रांधला. वर्ध्याच्या उन्हाळ्यात लोकर नेसून शेगडीपुढे बसणं म्हणजे काय, ते बसणाऱ्यानेच जाणावं. मनकर्णाबाईंना त्याचंही बरंच वाटायचं. देवाला वाटायला नको, म्हातारी सोप्यात सुटली.

पुढे त्यांचा रोजचा नेम तोच झाला. आंघोळ, शेवग्याखाली लुगडं पिळणं, धाबळी, पाट, बटन. "शिवू नको" कमी झालं नाही, पण सुनीती आता शेजारीच दुसऱ्या पाटावर बसून पोळ्या लाटायची. सोवळ्याची हद्द किती हातांची, हे मनकर्णाबाईंनी परस्पर ठरवून घेतलं होतं.

वैशाखात रूपराव तपासायला आले. त्यांनी होल्डरमध्ये एक बल्ब लावला, त्याची एक तार विजेला आणि दुसरी खड्ड्याच्या तारेला जोडली. "जमीन कोरडी असन तर बल्ब मिणमिणते," ते म्हणाले. "या महिन्यात गावभर मिणमिणूनच राह्यले." बल्ब झगझगीत पेटला. भर दुपारी डोळ्यांवर हात घ्यावा लागला. रूपरावांनी खड्ड्यात बोटं घालून पाहिली. "कोण टाकते इथं पाणी?" त्यांनी विचारलं. मनकर्णाबाई त्यांच्यासाठी पन्हं आणायला आत गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मनकर्णाबाईंना ऊन लागलं. अंगात ताप भरला, उठलं की घेरी यायची. बंडोपंतांनी त्यांना बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ निजवलं. सकाळी त्या जाग्या झाल्या आणि त्यांना पहिली आठवण खड्ड्याची झाली. आंघोळ नाही, लुगडं ओलं नाही. माती कोरडी पडणार, तिसरी पिन शोभेची होणार, आणि ती पोरगी त्या शेगडीपुढे बसणार. आणि त्याच्या मागोमाग दुसरं, जुनं भय. बंडू आताच कचेरीत गेला होता.

त्या भिंत धरून उठायला लागल्या, तोच परसातून आवाज आला. लुगडं पिळल्याचा, आणि पाणी मातीत पडल्याचा.

त्यांनी खिडकीतून पाहिलं. शेवग्याखाली सुनीती उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत निथळत, केस गालांना चिकटलेले. जन्मात कधी सोवळ्याच्या वाटेला न गेलेली ती पोरगी दोन्ही हातांनी पदर पिळत होती, अगदी मनकर्णाबाई पिळायच्या तसा, आधी पदर, मग निऱ्या, मग ओचा. पिळता पिळता तिला खोकला आला. तिने एका हाताने झाड धरलं, श्वास सावरला, आणि पुन्हा पिळायला लागली.

मनकर्णाबाई परसाच्या दारापर्यंत कशा गेल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सुनीतीने त्यांना पाहिलं आणि ती घाईने दोन पावलं मागे सरली.

"शिवू नका, आई. मी ओलेत्यात आहे. नैवेद्य व्हायचा आहे अजून."

मनकर्णाबाईंनी उंबरा ओलांडला, सरळ तिचं मनगट धरलं आणि तिला आत ओढून घेतलं. तिच्या छातीची घरघर ऐकू येत होती.

"उद्यापासून बादलीनं टाकजो पाणी," त्या म्हणाल्या.

"आणि नवस?"

"नवस मी लेकराच्या जिवासाठी केलता. लेकराले दमा लागावा म्हणून नाई केला. गणपतीले मी सांगते काय सांगाचं ते."

मग त्यांनी दारामागचा कोरडा पंचा ओढला आणि तापातल्या हातांनी सुनेचे केस पुसायला घेतले. नैवेद्याला त्या दिवशी बराच उशीर झाला.